मधल्या पिढीचं काय होतं?

पत्र

मी अठरा वर्षं भाषांतराचं काम करतो. करारनामे, माहितीपत्रकं, यंत्रं कशी वापरायची त्याच्या पुस्तिका. गेल्या दोन वर्षांत काम निम्म्यावर आलं. जे येतं तेही यंत्राने केलेलं भाषांतर तपासून द्यायचं, निम्म्या दरात. मित्र म्हणतो, ‘घाबरतोस काय? इतिहास वाच. शेती आली, छापखाना आला, वाफेचं इंजिन आलं. दर वेळी लोकांनी बोंब मारली आणि दर वेळी जग पुढेच गेलं.’ म्हणून खरंच वाचायला घेतलं. वर्ष झालं. धीर येणं राहिलं बाजूला, झोपच उडाली आहे. एवढ्या मोठ्या बदलांपुढे साध्या माणसाच्या हातात काही असतं का? मित्राचं खरं मानू, की वाचणंच बंद करू?

— एक भाषांतरकार

उत्तर

वाचणं बंद करू नका. तुमची झोप पुस्तकांनी नव्हे, निम्म्या दराने उडवली आहे, एवढं आधी आपसात कबूल करू. मित्राचं म्हणणं मात्र अर्धंच खरं माना.

त्याचं वाक्य नीट बघा. ‘जग पुढेच गेलं.’ वाक्यातला कर्ता आधी हुडकायची सवय तुमच्या धंद्यात लागतेच. इथे कर्ता जग आहे. जगाला घाई नसते, ते शंभर वर्षं आरामात वाट बघतं. विणकराला येत्या शनिवारी घरभाडं द्यायचं असतं.

त्याची तिन्ही उदाहरणं जरा जवळून पाहू.

शेती. सीरियात युफ्रेटिसच्या काठी अबू हुरेरा नावाची पुरातन वस्ती होती. १९७०च्या दशकात तिथे धरण झालं आणि ती पाण्याखाली गेली, त्याआधी घाईघाईने तिचं उत्खनन उरकलं. शिकार आणि वेचणी करणारी माणसं शेतीकडे कशी वळली, हे एकाच ठिकाणी थरावर थर दिसावं अशा जागा जगात थोड्याच आहेत. तिथल्या सांगाड्यांत, मुख्यतः बायकांच्या, पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले सापडले. गुडघ्यांवर ताणाच्या खुणा, कमरेच्या मणक्यांना इजा. कारण धान्य दळणं. जमिनीवरच्या दगडापुढे पायाची बोटं मागे दुमडून गुडघ्यांवर बसायचं आणि हातातला दगड पुढेमागे रेटत राहायचं, रोज, तासन्‌तास. शेतीतून गावं झाली, गावांतून शहरं झाली, साठवण आली, लेखन आलं, कायदे आले. सगळं खरं. पण त्या बाईला यातलं काय दिसलं? तिला दिसला तो दगड. गंमत म्हणजे हाडं बोलली म्हणून आपल्याला तिचा पत्ता तरी लागला, एरवी तिच्या नावावर इतिहासात एक ओळही नाही.

छापखान्याकडे येऊ, कारण तो तुमच्या धंद्याला सगळ्यात जवळचा. १४४९ साली पॅरिसमध्ये पेटर शोफर नावाचा माणूस हाताने पोथ्या उतरवत होता. काही वर्षांतच तो जर्मनीतल्या माइन्झला, युरोपात छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्गच्या छापखान्यात दिसतो. १४५५ साली गुटेनबर्गला भांडवल पुरवणाऱ्या फुस्टने पैशांसाठी त्याच्यावर दावा लावला. त्या दाव्यात शोफर उभा राहिला तो फुस्टच्या बाजूने. गुटेनबर्ग हरला. शोफर फुस्टचा भागीदार झाला आणि पुढे जावईही. वारं कुठून येतंय ते ओळखणारा गडी. मला तो फारसा आवडत नाही, पण कामात तो उस्ताद होता हे नाकारून चालणार नाही.

आता बारकावा पाहा. सुरुवातीच्या छापील पुस्तकांत प्रकरणाच्या पहिल्या अक्षराची जागा कोरी सोडत. मजकूर यंत्राने छापायचा आणि ते मोठं तांबडं-निळं अक्षर काढायला पान लेखनिकाकडे पाठवायचं. यंत्राने अर्धवट सोडलेलं हाताने पुरं करायचं. ओळखीचं वाटतं ना? तुमची तपासणी हेच काम आहे. १४५७ साली फुस्ट आणि शोफर यांनी स्तोत्रांचं एक पुस्तक छापलं, त्यात ती रंगीत अक्षरंसुद्धा साच्यानेच उठवली होती. लेखनिकाच्या वाट्याला उरलेली कोरी जागा भरून टाकली ती एका माजी लेखनिकाने! प्रकार खर्चिक होता, म्हणून बाकीचे छापखाने लगेच त्यामागे धावले नाहीत. अक्षरं रंगवणाऱ्यांना आणखी काही दशकं काम मिळत राहिलं. काही दशकंच.

तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. पण तपासणीचं काम हाच आता आपला कायमचा धंदा, असं मनात धरून बसला असाल तर तो धोका तुम्हाला दिसायला हवा. उलट बाजूला ट्रिथेमिअस हा जर्मन मठाधिपती होता. त्याने १४९२ साली लेखनिकांची थोरवी सांगणारं पुस्तक लिहिलं. चामड्यावर लिहिलेलं हजार वर्षं टिकेल, कागदावर छापलेलं दोनशे वर्षं टिकलं तरी पुष्कळ, असा त्याचा मुद्दा. दोन वर्षांनी त्याने ते छापून घेतलं. तेही माइन्झलाच. त्याला हसू नका. हस्तलेखनाने मन एकाग्र होतं, मजकूर आत मुरतो, हे त्याचं म्हणणं आजही खोटं नाही. फक्त त्याचे पैसे कोणी देईना.

आणि वाफ. इथे तुमच्या मित्राची गोष्ट सगळ्यात जास्त लंगडी पडते. इंग्लंडात यंत्रं आली ती आधी सूत कातायला. सूत स्वस्त झालं, ढिगाने मिळू लागलं, आणि ते विणायला माणसं कमी पडू लागली. अठराव्या शतकाच्या अखेरीला हातमागावरच्या विणकराची चांदी होती. यंत्राने त्याचं भलंच केलं होतं! म्हणून आणखी हजारो माणसं त्या धंद्यात शिरली. तुमच्याकडेही इंटरनेट आलं तेव्हा आधी भाषांतराचं काम वाढलंच होतं, आठवतं? कार्टराइटच्या यंत्रमागाचं पहिलं पेटंट १७८५चं, पण तो धडपणे चालायला पुढची तीसेक वर्षं लागली. मजुरी पडायला मात्र तो चालू होण्याचीही गरज लागली नाही. धंद्यात झालेली गर्दी पुरेशी होती. १८०८ साली विणकरांनी किमान मजुरी ठरवून द्या म्हणून संसदेकडे मागणी केली. संसदेने फेटाळली. १८२०च्या दशकात हातमागावर दोन लाखांहून जास्त माणसं होती, जुन्या मजुरीच्या तुकड्यावर जगणारी. १८५०पर्यंत त्यातली फार थोडी उरली.

‘लडाइट’ हा शब्द आता यंत्राला भिणाऱ्या मूर्ख माणसासाठी वापरतात, त्याचा मला फार राग येतो. १८११ साली नॉटिंगहॅमशायरमध्ये ज्यांनी मोजे विणायच्या चौकटी फोडल्या ती माणसं आयुष्यभर त्याच चौकटींवर काम करणारी होती. ते यंत्र तेव्हा दोनशे वर्षांहून जुनं होतं. भांडण यंत्राशी नव्हतंच. न शिकलेल्या हातांकडून हलका माल काढून घ्यायचा आणि त्याच भावाने सगळ्यांची मजुरी पाडायची, याच्याशी होतं. सरकारने १८१२ साली चौकट फोडण्याला फाशीची शिक्षा लावली. कवी बायरनने उमरावांच्या सभागृहातलं आपलं पहिलं भाषण या कायद्याविरुद्ध केलं, पण कायदा झालाच. १८१३च्या जानेवारीत एकट्या यॉर्कमध्ये १७ जणांना फासावर चढवलं.

कामगाराच्या हातात पडणारी खरी मजुरी ठळकपणे वाढू लागली ती १८४०च्या दशकापासून, असं बहुतेक अभ्यासक मानतात. हिशेब करा. १८०० साली जो विणकर वीस वर्षांचा होता तो तोवर साठीला टेकला होता, जिवंत असला तर. शाळेत आपण सनावळ्या घोकतो: यंत्राचा शोध अमुक साली, समृद्धी तमुक साली. दोन सनांच्या मधली जागा कोरी. त्या कोऱ्या जागेत एक अख्खी पिढी राहून गेलेली असते. तुम्ही वर्षभर जे वाचत होतात ते त्या पिढीचं वाचन होतं. झोप न उडाली तरच नवल.

पण तुमचा खरा प्रश्न हातात काही असतं का, हा. त्यासाठी यंत्र सोडून रोगराईकडे जाऊ. प्लेगला कोणी शोधलं नव्हतं, त्याचा कोणी मालक नव्हता, त्याच्याशी वाटाघाट करायची सोय नव्हती. माणूस कुठे हतबल असेल तर इथे. १३४७ ते १३५१ या वर्षांत युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं गेली, कित्येक ठिकाणी निम्मी. जमीन तेवढीच, राबणारे हात कमी. मग उरलेल्या हातांचा भाव वाढणार, हे कोणीही सांगेल.

इंग्लंडच्या सरदारांनाही ते कळत होतं. साथ पुरती ओसरली नव्हती तोच, १३४९ साली राजाचा हुकूम निघाला की मजुरी साथीच्या आधी होती तेवढीच घ्यायची आणि अंगात ताकद असलेल्या कोणी कामाला नाही म्हणायचं नाही. १३५१ साली त्याचा पक्का कायदा झाला. कायदा मोडणाऱ्यांना दंड होत राहिले, मजूर जास्त पैसे मागत राहिले, आणि मालकसुद्धा एकमेकांच्या पाठीमागे गुपचूप जास्त देत राहिले, कारण पीक उभं होतं. १३८१ साली डोईपट्टीवरून उठाव झाला. त्या लोकांनी काय जाळलं पाहा. जमीनदारांच्या कचेऱ्यांतली दप्तरं, कोणी किती वेठ करायची ते लिहिलेली. चौदा वर्षांच्या राजाने सुटकेच्या सनदा दिल्या आणि उठाव मोडताच परत घेतल्या. उठाव हरला. तरी पुढच्या शंभरेक वर्षांत इंग्लंडातली वेठ जवळजवळ विरून गेली.

आता पूर्वेकडे चला. पूर्व युरोपातही माणसं कमी आणि जमीन फार, पण तिथे शहरं दुबळी आणि सरदार जबर. त्यांनी उलटं उत्तर काढलं. माणसं कमी आहेत ना, मग आहेत त्यांना जमिनीला बांधून टाका. पोलंडमध्ये १५२०च्या कायद्याने आठवड्याला निदान एक दिवसाची वेठ लागू झाली आणि पुढे ती वाढतच गेली. रशियात १६४९च्या संहितेने शेतकऱ्याला जमीनमालकाशी कायमचं जखडलं, ते सुटायला १८६१ उजाडावं लागलं. इजिप्तची तऱ्हा तिसरीच. तिथल्या जमिनीचं उत्पन्न मामलुकांकडे, म्हणजे गुलाम म्हणून आणलेल्या आणि पुढे राज्यकर्ते झालेल्या सैनिकांकडे होतं, ते कैरोत राहणारे, आणि जमीन वारसाने पोरांकडे जाणार नाही हे त्यांना माहीत. गावची माणसं मेली तरी त्यांनी वसुली सोडली नाही. शेतकरी पळाले, नाईलचे बांध आणि कालवे राखायला कोणी उरलं नाही, आणि ज्या जमिनीने शतकानुशतकं पोसलं तीच पडीक पडू लागली.

रोग एकच. एका ठिकाणी मजूर मोकळा झाला, दुसरीकडे अडकला, तिसरीकडे शेतीच खचली. कोणाकडे दप्तर होतं, कोण एकजुटीने नाही म्हणू शकत होतं, कोणाला पळून जायला शहर होतं, यावर ते ठरलं. हातात फार काही नसतं, पण अजिबातच नसतं असंही नाही. तेवढं ‘फार नसतं’ आणि ‘नसतंच’ यांतलं अंतर मला पुरतं. तुम्हाला पुरेल का ते तुम्ही बघा.

वाफेच्या गोष्टीतही कामगारांची मजुरी सुधारली ती इंजिनाला दया आली म्हणून नाही. १८२४ साली कामगारांनी एकत्र येण्यावरची बंदी उठली. १८३३च्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावणं बंद झालं, तेरापर्यंतच्या मुलांना आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली, आणि ते पाळलं जातंय की नाही हे बघायला निरीक्षक नेमले. किती? अख्ख्या देशाला चार. मालकही कमी नव्हते. गिरणीतलं घड्याळ सकाळी पुढे आणि संध्याकाळी मागे करायचे, अशा तक्रारी नोंदलेल्या आहेत. कामगाराच्या हाती स्वतःचं घड्याळ दिसलं तर ते मालकाला खपायचं नाही. तरीही त्या चौघांनी तास मोजले, लिहिले, छापून संसदेपुढे ठेवले. १८४७ साली बायका आणि किशोरांसाठी दहा तासांचा कायदा झाला.

म्हणून माझी पहिली सूचना अगदी कोरडी आहे. घड्याळ तुमच्याकडे ठेवा. यंत्राचं भाषांतर तपासायला निम्मा वेळ लागतो, हे गृहीत धरून तुम्हाला निम्मा दर मिळतो. लागतो का खरंच? महिनाभर प्रत्येक कामाची नोंद करा: किती शब्द, किती मिनिटं, किती चुका, आणि त्यातल्या किती अशा की सुटल्या असत्या तर करारनाम्याचा अर्थच फिरला असता. हीच वही ठेवणारे आणखी चार-पाच जण गोळा करा. एकट्याने दर वाढवून मागितला तर दुसरा माणूस बघतील. पाच वह्या एकसारखं बोलायला लागल्या तर निदान बोलणं तरी सुरू होईल.

दुसरी गोष्ट विजेची. न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजघर सुरू झालं १८८२ साली. १९०० साली अमेरिकेतल्या कारखान्यांची जेमतेम ५ टक्के यंत्रशक्ती विजेवर होती. का? तर जुना कारखाना एका मोठ्या वाफेच्या इंजिनाभोवती रचलेला असे. इंजिनातून एक लांबच लांब दांडा छताखालून फिरायचा, त्याच्यावरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक यंत्राला. दांडा फार लांब नको म्हणून मजल्यावर मजले चढवलेले. कुठलं यंत्र कुठे बसवायचं ते दांडा ठरवायचा, काम नव्हे. मालकांनी इंजिन काढून त्या जागी एक भलीमोठी मोटर बसवली, दांडा तसाच ठेवला, आणि म्हणाले, विजेने काही विशेष फरक पडत नाही बुवा. फरक पडला तो १९२०च्या दशकात, प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर मिळाली आणि कामाच्या ओघाप्रमाणे एकमजली, मोकळे कारखाने बांधले गेले तेव्हा.

आज तुमच्याकडे काम पाठवणारे नेमकं हेच करताहेत. भाषांतरकार काढून तिथे यंत्र बसवलंय, बाकी दांडा तोच: मूळ मजकूर, मग भाषांतर, मग तपासणी, मग घाईची मुदत. या रांगेतलं शेवटचं टोक धरून बसण्यात अर्थ नाही, असं माझं मत आहे. मूळ मजकूर लिहिला जातो तिथे जाऊन बसा. ज्या पुस्तिकेचं भाषांतर करताना तुम्ही अठरा वर्षं मनातल्या मनात म्हणत आलात की ‘अरे, हे मुळातच चुकीचं लिहिलंय’, ते आता तोंडाने म्हणा आणि त्याचे पैसे लावा.

शेवटचं थोडं आडवळणाने सांगतो. इसवीसनापूर्वी ११८०च्या सुमाराला ग्रीसमधल्या पायलोसचा राजवाडा जळाला. वाड्यातल्या कारकुनांनी कच्च्या मातीच्या पाट्यांवर हिशेब लिहिले होते: मेंढ्या किती, कांसं कोणाला किती दिलं, होडी वल्हवायला किती माणसं. आगीत त्या पाट्या भाजून पक्क्या झाल्या, म्हणून उरल्या. १९५२ साली मायकल व्हेंट्रिसने ती लिपी वाचली तेव्हा त्यात एकही कविता निघाली नाही. लिपी वाड्याची होती. वाडे गेले तशी लिपीही गेली, आणि ग्रीक लोक पुढची सुमारे चारशे वर्षं लिहायचंच विसरले. मग त्यांनी फिनिशियन व्यापाऱ्यांकडून दुसरी, सोपी अक्षरं उचलली, त्यात स्वर घातले. त्या अक्षरांतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक अथेन्सच्या एका सुरईवर आहे, इसवीसनापूर्वी ७४०च्या सुमाराचा. कोणीतरी मडक्यावर ओरखडून लिहिलंय की आज सगळ्यांत हलक्या पावलांनी जो नाचेल, त्याला हे.

करारनामे आणि यंत्रांच्या पुस्तिका हा तुमचा वाडा. त्याला आग लागली आहे हे तुम्ही मला लिहून कळवलंतच. त्या वाड्याबाहेर तुम्ही अठरा वर्षांत काय काय वाचलंत, कोणासाठी काय उलगडून सांगितलंत, याचा पत्रात एक शब्द नाही. ते जरूर कळवा. तीन महिन्यांनी वहीतले आकडे घेऊन पुन्हा लिहा, आणि मित्राला म्हणावं, १८१५चा विणकर हो आणि मग मला ‘जग पुढे गेलं’ हे वाक्य म्हणून दाखव.